मावशीच्या उंचीची खिडकी

गाडी घेतली तेव्हा तिला सहा खिडक्या होत्या आणि त्यातली एकही उघडत नव्हती. मुळात ती जुनी मिनीबस. आधीच्या मालकाने आतली बाकं काढून पलंग, छोटं बेसिन, शेगडीचा ओटा असा संसार बसवला आणि तिची कॅम्पर व्हॅन केली. एसी लावायचा म्हणून खिडक्यांच्या जागी अखंड काचा रबरात पक्क्या बसवल्या, वर गडद फिल्म चिकटवली. पुढे एसीने राम म्हटला, मालकाचा उत्साहही संपला आणि गाडी माझ्याकडे आली. फिल्म कायद्यात बसत नाही म्हणून मी ती खरवडून काढली, पण काच मुळातच काळसर होती, ती तशीच राहिली. उन्हात गाडी जरा वेळ उभी राहिली की आत पापड वाळत घालावेत अशी धग व्हायची.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली. आलेला प्रत्येक भाग मोजायचा, मापात बसत नसला तर परत पाठवायचा, हे माझं काम. आयुष्यभर लोकांना "हे चालणार नाही" असं सांगण्याचा पगार घेतल्यावर स्वभाव मऊ राहील कसा? माझा नाही राहिला. लग्न मी केलं नाही. वडील गेल्यापासून नाशिकच्या घरात आई आणि मी, दोघीच. निवृत्तीनंतर ही गाडी दारात आणली तेव्हा नातेवाइकांना चघळायला विषय मिळाला. सोसायटीत गाडी लावायला जागा नाही आणि ही बाई गाडीत घर मांडते, असं एक काका माझ्या देखत म्हणाले. मी त्यांना चहा दिला, फक्त साखर घातली नाही.

आई ऐंशीच्या घरातली. तिला गाडीचं कौतुक शून्य. तिने एकदा दारातून आत डोकावून पाहिलं, बेसिनचा नळ सोडून बंद केला आणि म्हणाली की एवढं लांब जाऊन भांडीच घासायची असतील तर घरी काय वाईट आहे. त्यानंतर ती गाडीकडे फिरकली नाही. मी एकटीच जवळपासच्या दोन फेऱ्या मारून आले आणि दोन्ही वेळा घामाने निथळत परतले. खिडक्या बदलायला हव्यात हे मला कळत होतं, पण आज करू, उद्या करू असं चाललं होतं.

मग दिवाळीनंतर मावशीच्या सुनेचा फोन आला.

मावशी म्हणजे आईची धाकटी, एकुलती एक बहीण. नामपूरच्या अलीकडे एका गावात तिचं घर, शेती, कांदा साठवायच्या चाळी. दोघी बहिणींचं चौदा-पंधरा वर्षांपासून बोलणं बंद होतं. कारण सांगितलं तर हसाल, पण आमच्याकडे अशाच कारणांवरून माणसं तुटतात. मावशीच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत माझ्या वडिलांचं नाव वरच्या मानाच्या रांगेत न छापता खाली, चुलत मंडळींच्या गर्दीत छापलं गेलं. वडिलांना त्याचं काही वाटलं नव्हतं. ते पंगतीला व्यवस्थित जेवले आणि पान खाऊन मांडवातच आडवे झाले. पण आईला वाटलं. तिने हळदीच्या वेळी, सगळ्या बायकांसमोर मावशीला ऐकवलं की तुझ्या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकणार नाही. मावशी तरी कशाला मागे राहते? तिनेही तिथल्या तिथे सांगितलं की नको टाकू, मीही तुझी पायरी चढणार नाही. दोघी एकाच आईच्या पोटच्या. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

त्यानंतर त्या भेटल्या त्या तिऱ्हाइतांच्या लग्नात. एकमेकींकडे पाठ करून बसायच्या, आणि घरी आल्यावर आई मला विचारायची की ती बारीक झालीये का गं. वडील गेले तेव्हा मावशी आली होती. पण शब्दाप्रमाणे जिना चढली नाही. खाली रस्त्यावर रिक्षात बसून राहिली आणि आई वर गॅलरीत उभी राहिली. बऱ्याच वेळाने रिक्षा गेली. त्या दिवशी आई कशासाठी किती रडली ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

आम्हा पुढच्या पिढीचं बोलणं मात्र कधीच बंद नव्हतं, फक्त ते चोरून चालायचं. मावशीच्या सुनेला मी वहिनी म्हणते. वहिनी फोनवर म्हणाली की मावशीला काचबिंदू झालाय. एका डोळ्याने दिसणं गेलंय, दुसऱ्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसतं. डॉक्टर म्हणतात गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. मावशी आता घराबाहेर पडत नव्हती. म्हणजे लग्नांतल्या त्या पाठमोऱ्या भेटीही संपल्या.

मी आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिने हात थांबवला नाही. जुडी संपल्यावर देठं गोळा केली आणि म्हणाली, "तिची नजर हाय तोवर तिनं मला बघितलं पाहिजे."

मी म्हटलं, चल, उद्याच जाऊ. तर घोडं उंबऱ्याशी अडलं. शब्द दिला तो दिला, म्हणाली. मी चिडले. ज्या माणसाच्या मानासाठी भांडलीस त्याला त्या मानाचं काही नव्हतं, आणि आता तो माणूसही नाही, असं बरंच काही बोलून गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की तुझी ती गाडी तिच्या दारासमोर उभी राहील का. तिचा हिशेब सरळ होता. ती गाडीत बसेल, मावशी बाहेर उभी राहील. ही तिच्या घरात गेली नाही, ती हिच्या घरात आली नाही. दोघींचा शब्द राहिला आणि भेटही झाली.

"फक्त त्या खिडक्या बदल," ती म्हणाली. "त्यांच्यातून माणूस दिसत नाय. आपलंच तोंड दिसतं."

मला हसू आलं. ही बाई कारखान्यात असती तर माझी साहेब झाली असती. तरुणपणी मी असल्या शपथांची टिंगल करायचे. पण वय वाढलं तसं लक्षात येतं की आईच्या पिढीतल्या बायकांकडे स्वतःचं म्हणावं असं फार थोडं होतं. शेत नवऱ्याचं, घर सासऱ्याचं. चारचौघांत दिलेला शब्द तेवढा पूर्ण त्यांचा. तो मोड म्हणून सांगणारी मी कोण? खिडकी बदलणं त्यापेक्षा सोपं होतं. निदान मला तसं वाटलं.

अंबडला बसच्या बॉडी बांधणारे एक मिस्त्री माझ्या ओळखीचे होते. बोलका माणूस. गालात सुपारी आणि कुठल्याही कामाला एकच उत्तर, "होऊन जाईल मॅडम." गाडीला पंख लावून द्या म्हटलं असतं तरी तेच म्हणाले असते. त्यांनी डाव्या अंगाची मधली काच काढली आणि त्याच जागी सरकती खिडकी बसवली. ॲल्युमिनियमची चौकट, दोन पल्ले, पारदर्शक काच, पावसाचं पाणी निघून जायला खालच्या खाचेत भोकं. काम सुबक होतं. मी पाइपने पाणी मारून पाहिलं, थेंबही आत आला नाही. मग आईला रिक्षाने तिथे आणून पलंगावर बसवलं आणि मी मावशी होऊन बाहेर उभी राहिले.

तिथेच कपाळाला हात लावला. मावशी ठेंगणी, आईच्या खांद्याला लागते. मी गुडघे वाकवून तेवढी झाले तर मला आईची हनुवटी आणि गाडीचं छत दिसलं. गाडीची जमीनच रस्त्यापासून मांडीएवढी उंच, तिच्यावर पलंग, पलंगावर आई. मावशीला देवळाचा कळस बघावा तशी मान वर करावी लागली असती, आणि नळीएवढ्या नजरेने ती वर काय शोधणार? मिस्त्री म्हणाले, मावशींना स्टुलावर उभं करा. आईने आतूनच सांगितलं की डोळ्यांनी अधू बाईला स्टुलावर चढवणारा माणूस मला माझ्या गाडीजवळ नको. माझी गाडी, असं ती पहिल्यांदाच म्हणाली.

आता उपाय एकच होता. आईने खाली पाटावर बसायचं आणि खिडकीने तिच्याबरोबर खाली यायचं. हे ऐकून मिस्त्रींना प्रथमच "होऊन जाईल" म्हणता आलं नाही. खिडक्यांच्या खालून गाडीच्या अंगाला एक लोखंडी पट्टी जाते, पत्र्याचा भार तिच्यावर असतो. ती कापली की पत्रा लवतो, आणि पहिल्याच खड्ड्यात काच तडकते. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी घरी येऊन कागदावर रेघा मारत बसले. शेवटी असं ठरलं की पट्टी कापायची, पण दोन्ही बाजूंना उभे चौकोनी पाइप जमिनीपर्यंत जोडायचे आणि खाली नवी पट्टी घालायची. तिथे शेगडीचा ओटा होता, तो मागे सरकवला. मिस्त्रींनी भंगारातून एका बसची रुंद खिडकी शोधून आणली. तिच्या काचेला किंचित बाक होता आणि आमचा पत्रा सरळ. जाड रबर घालू, बसून जाईल, म्हणाले. मी परत पाठवली.

नवी काच मापाने करून घ्यायची म्हणजे थांबणं आलं. गाडीची काच आधी कापतात आणि मग भट्टीत तापवून कडक करतात. एकदा कडक झाली की तिला घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. माप एकदाच द्यायचं आणि बरोबर द्यायचं. असली कामं मला मनापासून आवडतात. पण तेवढे दिवस गेले ते गेलेच.

वहिनीचा मधून मधून फोन यायचा, कधी येताय म्हणून. मी म्हणायचे, काच येऊ दे. तिला वाटायचं मी टाळतेय. मला आतून भीती वाटायला लागली होती की इथे आपण मापं काढत बसलोय आणि तिकडे ती नळी बारीक होत चाललीये. हे मी आईजवळ बोलले. ती म्हणाली की घाईने काढलेला कांदा चाळीत सडतो. इतकी वर्षं नाशकात राहूनही तिचे जगातले सगळे प्रश्न शेवटी कांद्यापाशीच सुटायचे. पण त्या दिवशी हे म्हणताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. रात्री मी पाणी प्यायला उठले तर ती अंथरुणात बसलेली होती.

संक्रांत गेली आणि काच आली. मिस्त्रींनी बसवली. आई गाडीत पाटावर बसली, पाय लांब केले, मी पुन्हा गुडघे वाकवून बाहेर. उंची अगदी हवी तशी, डोळ्यांसमोर डोळे. पण चेहरा काळाठिक्कर. आईच्या मागे उजव्या अंगाची मोठी काच होती. काळसर असली तरी दुपारचं ऊन तिच्यातून आत येत होतं, आणि आईची नुसती सावली दिसत होती. पदराची कड सोडली तर काही नाही. माझ्या धडधाकट डोळ्यांना तिचं नाक कुठे ते कळेना, मग मावशीला काय कळणार होतं? मी संतापून गाडीच्या चाकाला लाथ मारली. चाकाला काही झालं नाही, मी मात्र पुढचे काही दिवस लंगडत होते.

पाठ अंधारी हवी होती. आई म्हणाली, मागे गोधडी टांग. पण मग वारा कुठून येणार? त्यावरही तिच्याकडे उत्तर होतं. चाळीत वारा खालून शिरतो आणि वरून निघतो, तसंच कर. या वेळी मी वाद घातला नाही. उजवी काच काढून तिथे पत्रा लावला, आतून गडद तपकिरी रंग दिला आणि छताला लागून फक्त एक अरुंद, उघडणारी फट ठेवली. मिस्त्री म्हणाले की मॅडम, लोक खिडक्या वाढवायला येतात, तुम्ही बुजवायला आलात. पण काम झाल्यावर त्यांनी स्वतः वाकून बाहेरून आईकडे पाहिलं आणि म्हणाले, आजी, फोटो स्टुडिओत बसल्यासारख्या दिसताय. आईने लगेच पदर सारखा केला. तिच्या गालावरचा तीळसुद्धा दिसत होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या मनापासून मी कुठलंच काम पास केलं नव्हतं.

मग आईच्या डोक्यात नवे कायदे सुरू झाले. बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, पण दिलेलं खिडकीतून द्यायचं की नाही? खूप विचार करून तिने ठरवलं की खिडकीतून दिलेलं चालतं. म्हणून द्राक्षं घेतली. तिच्या घरचा चहा? चहा बाहेर आणला तर चालेल, कारण शब्द उंबऱ्याचा होता, पाण्याचा नव्हता. मी म्हटलं वकील कर एखादा. ती म्हणाली, हसू नको, तिकडे तीही हाच विचार करत बसली असेल.

जायच्या दोन दिवस आधी वहिनीने फोन केला. कुठल्या वेळी पोहोचाल वगैरे झाल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, मोठ्या मावशी काय नेसणार आहेत? मला गंमत वाटली. आईने हिरवं, मोठ्या काठाचं लुगडं काढून ठेवलं होतं, तसं मी सांगितलं. बरं, म्हणाली. निघायच्या सकाळी घाईघाईत त्याच लुगड्यावर चहा सांडला. आई कुरकुरली, आणि कपाटातून जांभळं काढून नेसली.

कांद्याचे दिवस होते. देवळ्याच्या पुढे रस्ताभर ट्रॅक्टर, आणि ट्रॉल्यांमधून उडणारी टरफलं काचेवर येऊन चिकटत होती. आई पुढे माझ्या शेजारी बसली होती आणि एरवी रस्त्यातल्या प्रत्येक शेताबद्दल मत देणारी बाई आज एकाही शेताकडे वळून बघत नव्हती. सटाण्याला चहाला थांबलो तर चहा न घेता ती मागे गेली, पाटावर बसली, पल्ला सरकवला, पुन्हा लावला. मग मला विचारलं की मी खूप म्हातारी दिसते का. मी हो म्हटलं. खोटं बोलणं मला जमत नाही. ती म्हणाली, चालेल, तीही झाली असेल.

मावशीच्या गावात शिरल्यावर नवाच घोळ झाला. आई पंधरा वर्षांपूर्वीच्या आठवणीने सांगत होती की गल्लीत गेलं की घर डाव्या हाताला. पण गल्लीच्या त्या तोंडाशी आता पाण्याची टाकी उभी होती. गाडी दुसऱ्या टोकानेच आत जाऊ शकत होती, आणि तिकडून घर येत होतं उजव्या हाताला. माझी काच, माझी उंची, माझं सगळं काही डाव्या अंगाला. मावशीसमोर तो तपकिरी पत्रा आला असता. शेवटी मी गाडी वळवली आणि पूर्ण गल्ली मागे मागे घेत गेले. गावात गाडी रिव्हर्स घ्यायची म्हणजे सगळ्या गावाचं काम असतं. येऊ द्या, येऊ द्या, म्हणणारे चार जण आणि त्यांचे हात चार दिशांना. त्यातल्या दोघांना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण गाडी मावशीच्या दारासमोर बरोबर उभी राहिली, डावं अंग घराकडे. आई मागे जाऊन पाटावर बसली आणि दोन्ही हातांनी पल्ला सरकवला.

दारातून मावशी आली. वहिनीने तिचा दंड धरला होता, पण बाहेर आल्या आल्या मावशीने तो सोडवून घेतला आणि एकटी, ताठ चालत खिडकीपर्यंत आली. चौकटीवर हात ठेवून उभी राहिली. दोघींचे चेहरे समोरासमोर, एका पातळीवर होते. उजेड आईच्या तोंडावर होता. मी गाडीत आईच्या मागे, अंग चोरून उभी होते. मला वाटलं, आता दोघींपैकी एक पत्रिकेचा विषय काढणार.

"बारीक व्हई गयी वं तू," मावशी त्या दोघींच्या माहेरच्या अहिराणीत म्हणाली. मग हसून म्हणाली, "पन हिरवं लुगडं आजून बी खुलस तुले."

आईने मान खाली घालून आपल्या जांभळ्या पदराकडे पाहिलं. मग मावशीच्या डोळ्यांकडे पाहिलं. मीही तेव्हाच नीट पाहिलं. मावशीची नजर आईच्या चेहऱ्यावर नव्हतीच. ती थोडी बाजूला, काचेच्या कडेवर कुठेतरी ठरलेली होती. दारात वहिनीने पदर तोंडाला लावला होता. लुगड्याचा रंग तिने का विचारला ते मला कळलं. बाकीचं तिने मला नंतर सांगितलं. काच यायच्या आधीच ती उरलेली नजरही गेली होती. मावशीने घरात सगळ्यांना बजावलं होतं की ताई मला तिचं तोंड दाखवायला येतेय, मला दिसत नाही हे कळलं तर ती कशाला येईल? कोणी बोलायचं नाही.

मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा राग ते सांगता येणार नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने मागे हात करून माझं पाऊल घट्ट दाबलं.

"हां," ती खिडकीतून म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "तुले आवडस म्हनीसन हिरवंच शे."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दार उघड."

मी दार उघडलं, तिला आधार देऊन उतरवलं. उतरताना आई कण्हली, तो आवाज खिडकीतून न येता बाजूने आला तशी मावशी दचकली. तिचा हात चौकटीवरून सुटला आणि हवेत तसाच राहिला. आईने तो धरला. उतरलीस का, असं मावशीने विचारलं. आई म्हणाली, बसून पाय अवघडले.

दोघी घराकडे निघाल्या. दोघींची चाल सारखीच, जरा डावीकडे झुकणारी, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला पुढे व्हायचं होतं, पण वहिनीने मला हाताने थांबवलं. दारापाशी येऊन आई थबकली. मावशीला ते दिसलं नाही. ती आईचा हात धरून तशीच पुढे चालत आत गेली, आणि मधला हात ताणला गेला. आईने नुसती बोटं सैल केली असती तर तो सुटला असता.

मावशी आतून वळली. घरी येणाऱ्या कुणालाही सांगावं तसं म्हणाली, "उंबरा शे. पाय उचल."

आईने पाय उचलला.